वडगाव रासाईत मातीच्या लेपाखाली ऐकलेलं

व्हीआरएस घेतल्यापासून सुधीरची मान आखडली होती. एक्स-रेत काही नाही, गोळ्या चालू, पण मान डावीकडे वळायची नाही. आणि घरात त्याच्या डावीकडे बहुतेक वेळा मीच असते. मैत्रिणीने भीमेकाठच्या निसर्गोपचार शिबिराचं पत्रक दिलं : ‘मन आणि शरीर यांची पुनर्भेट’.

"त्यांचं भांडण कधी झालं?" सुधीरने विचारलं. तरी आला.

पुढे उपास म्हणून हायवेवर भांडगावला मिसळ दाबून खाल्ली. एसटीने येणाऱ्यांनी चौफुल्याला उतरून शिरूरकडची जीप धरावी. भीमा ओलांडली की दुतर्फा ऊस, आणि उसाच्या ट्रॉल्यांमागे रांगत आपण वडगाव रासाईला पोचतो. खर्च बऱ्यापैकी हॉटेलाएवढा, फरक इतकाच की इथे उपाशी ठेवतात. सकाळी दुधीचा रस, दुपारी दुधीचं सूप, संध्याकाळी दुधीवर व्याख्यान. टॉवेल जुनेच न्या.

दुसऱ्या दिवशी सुधीरची दौंडच्या शेखमामांशी गट्टी जमली. मामा रेल्वेतून निवृत्त, गुडघ्यांसाठी आलेले. घरी "हं" पलीकडे न जाणारा माझा नवरा त्यांच्याशी तासन्‌तास बोलायचा. मी जवळ गेले की विषय उसावर यायचा. मला राग आला, आणि थोडी भीतीही वाटली.

मग आलं मातीस्नान. लेप लावणाऱ्या शेवंताबाईंनी मला कपाळापासून पावलांपर्यंत लिंपलं. "आता वाळंस्तवर बोलायचं न्हाई ताई. त्वांड हललं की माती तडकती," असं बजावून उन्हात बाकावर बसवलं. शेजारी सुधीर, डोळ्यांवर मातीच्या पट्ट्या. शेखमामा नुकतेच त्याच बाकावरून उठून अंग धुवायला गेले होते.

"आलात मामा?" सुधीर म्हणाला. मी गप्प.

"तुमचं पटतं मला. पण हिला सांगू कसं? व्हीआरएसच्या नावाखाली कंपनीने नाही काढलं मला. मशीनपुढे हात थरथरायला लागले, म्हणून मीच अर्ज केला. ही मात्र कॉलनीभर आमच्या मॅनेजरला शिव्या घालत फिरते. हळदीकुंकवात त्यांच्या बायकोला तिळगूळसुद्धा दिला नाही हिने."

हे खरं होतं.

"खरं कळलं तर रागावेल, ते चालेल. पण हात बघून घाबरली तर? ती घाबरलेली मला बघवत नाही."

"घाबरले तर घाबरले," मी म्हणाले. माती हनुवटीपासून कानापर्यंत तडकली.

सुधीर गर्रकन डावीकडे वळला, मान कटकन वाजली आणि तो कळवळला. ते ऐकून शेवंताबाई धावत आल्या. "म्या काय सांगितलं व्हतं ताई? समदा लेप वाया गेला."

मागून पंचा गुंडाळून शेखमामा येत होते. "मी कवाचा सांगतोय, वहिनींशी बोला म्हणून. पर हे मलाच सांगत बसलेत."

मी सुधीरचा हात धरला. तो थरथरत होता, मातीसकट.

परतल्यावर आधी मॅनेजरच्या घरी गेलो. त्यांच्या बायकोने दार उघडलं आणि मला पाहून एक पाऊल मागे घेतलं. मी माफी मागितली. त्यांनी चहा दिला, साखर जरा कमीच.

शिबिरातून काय मिळालं, असं विचाराल तर मान वळते. हात मात्र अजून थरथरतात. गेल्या सोमवारी मेंदूच्या डॉक्टरांची वेळ होती. सुधीर म्हणाला, "मी एकटा जाऊन येतो." मी चपला घातल्या. त्याने दार उघडून धरलं. मग म्हणाला, "चल. मला एकट्याला भीती वाटतेय."