सहा-दहाला आलेलं तरस

झाशीची वस्ती जिथे संपते तिथे एक तळं आणि त्यामागे खडकाळ, झुडपी रान आहे. त्याला कुंपण घालून अभयारण्य केलं तेव्हा आमच्या प्रेम नगरातले लोक हसले होते. चार बगळे आणि एक नीलगाय, त्याचं कसलं आलंय अभयारण्य! पण हळूहळू दर रविवारी सकाळी तिथे घरंच्या घरं जमू लागली. मुलं चिमण्यांसाठी खोकी बनवत, मोठी माणसं पक्षी मोजत आणि मोजता मोजता पोहे-जलेबीचा फडशा पाडत. फाटकाशी एक फळा होता, 'इस सप्ताह के समाचार'. सारसांची जोडी परतली, नीलगायीला पिल्लू झालं, असल्या बातम्या त्यावर असत. ज्याने जे पाहिलं ते त्याने फाटकावरच्या वहीत लिहायचं आणि तिथल्या वनरक्षक बाईंनी त्यातलं निवडून फळ्यावर उतरवायचं, अशी पद्धत होती.

आई गेल्यावर बाबा घराबाहेर पडत ते फक्त या जागेसाठी. बरोबर माझी मुलगी, तेव्हा नऊ वर्षांची. तिला मराठी सगळं कळायचं, पण तोंडातून निघायची हिंदी. बाबा मराठीत विचारत, ती हिंदीत सांगे, आणि दोघांचं मेतकूट छान जमलेलं. माझा नवरा इथलाच, बुंदेली. मी शाळेच्या नोकरीत आणि घरकामात कधी हिंदीवर घसरले ते मलाच कळलं नाही. तिच्या कानावर मराठी पडायची ती बाबांमुळेच.

बाबा रेल्वेत गार्ड होते. भुसावळहून बदलून आले आणि झाशीचेच झाले. गार्डाला रोज जर्नल लिहावं लागे. गाडी किती वाजता आली, किती थांबली, कधी सुटली. गार्डाने लिहिलं म्हणजे ते तसंच घडलं, असं ते इतक्या वेळा सांगत की आई पाठमोरी होऊन त्यांची नक्कल करायची.

एकदा मधल्याच वारी ते पहाटे एकटेच तिकडे गेले आणि वहीत नोंद करून आले. रविवारी आम्ही सगळे गेलो तर फळ्यावर सुवाच्य अक्षरात लिहिलेलं होतं: 'सुबह छह दस पर बड़े पत्थर के पास तरस आया। चार मिनट रुका। छह चौदह पर चला गया।'

हिंदीत तरस येणं म्हणजे कीव येणं. वनरक्षक बाईंना वाटलं, बायको गेलेला म्हातारा माणूस पहाटे दगडापाशी बसला असेल, मन भरून आलं असेल. त्या मला कौतुकाने म्हणाल्या, "बाबूजी ने बड़ो नोनो लिखो, सो हमने पूरो उतार दओ." नोनो म्हणजे छान. तोवर कोणीतरी फोटो काढून रविवारच्या मंडळींच्या ग्रुपवर टाकला होता. त्याखाली एकाने लिहिलं की आमच्यावरची दया तर नेहमी लेट असते. मीही हसले. खोटं कशाला सांगू, पोट धरून हसले.

बाबा फळ्यासमोर हात मागे बांधून उभे होते. मग वळून सगळ्यांना म्हणाले की तरस म्हणजे जनावर. त्यांच्या खानदेशात त्याला तरसच म्हणतात. हिंदी शब्द त्यांना आठवेना. मानेवरचे केस, उतरती पाठ, सगळं हातांनी दाखवलं तेव्हा कोणीतरी म्हणालं, लकड़बग्घा? आणि लगेच सगळे त्यांची समजूत घालू लागले. लकड़बग्घा इथे कुठून येणार बाबूजी, तो तिकडे एरचकडच्या घळींत भेटला तर भेटेल, कुत्रा असेल. मलाही तरस हा शब्द माहीत नव्हता. माझं मराठी स्वयंपाकघरातलं. त्यात भाज्या आहेत, जनावरं नाहीत. पण न बोलता राहीन तर मी कसली.

"बाबा, चष्मा होता का डोळ्यांवर?" मी विचारलं, मराठीत.

ते वळून फाटकाबाहेर पडले. दुपारी नातीला म्हणाले, "बेटा, ज़रा पानी दीजिए." मला वाटलं गंमत करताहेत. पण रात्रीचं जेवण, दुसरा दिवस, पुढचा आठवडा, तिच्याशी सगळं हिंदीत. तेही शुद्ध, एखाद्या अनोळखी प्रवाशाशी बोलावं तसं. रविवारचं जाणंही बंद. मी थालीपीठ लावलं, हसल्याबद्दल माफी मागितली. चष्म्याबद्दल मात्र जीभ रेटेना. शेवटी विचारलं की तिच्याशी मराठी का सोडलंत.

"माझ्या शब्दांचा इथे भलताच अर्थ होतो," ते म्हणाले. "तिला कशाला त्यात अडकवू?"

तेव्हा मी खरंच घाबरले. ते थांबले तर तिची मराठी तिथेच थांबणार होती, आणि माझ्याच्याने ती पुढे जाणार नव्हती हे मला माहीत होतं.

तीन आठवडे असे गेले. एका रविवारी मुलगी तिच्या वडिलांबरोबर जाऊन आली ती एक काम घेऊन. घरातल्या मोठ्या माणसाने पाहिलेला प्राणी त्यांना विचारून काढायचा आणि पुढच्या वेळी आणायचा. मी तिला म्हटलं, माझा मोर काढ, मी ओरछा गेटजवळ पाहिला होता. तिने ऐकलंच नाही. कागद घेऊन ती बाबांच्या पायाशी जाऊन बसली.

"आजोबा, तुम्ही पाहिली ती तरस कशी चालते?"

बाबांनी तिच्या हातातला कागद सरळ केला. मग म्हणाले, "पाहिली नव्हे. पाहिलं. ते तरस."

"ते तरस कसं चालते?"

"चालतं," बाबा म्हणाले, आणि उठले. गुडघे धरलेले असताना ते गृहस्थ चक्क जमिनीवर हात टेकून, पार्श्वभाग खाली सोडून सोफ्यापासून टीव्हीपर्यंत चालले. मागचे पाय आखूड असतात त्याचे, सांगत होते. मान जाड, अंगावर पट्टे, घाई म्हणून नाही. दगडापाशी थांबलं, माझ्याकडे पाहिलं, मला काही ते भ्यायलं नाही. ती खिदळत होती, काढत होती, आणि मध्येच विचारत होती, कान कसा, शेपूट कशी. तिने चष्म्याचं विचारलं नाही. मी स्वयंपाकघरात कणकेत हात घालून उभी होते आणि रडत होते.

चित्र फळ्याशेजारी लागलं. ते पाहायला बाबा पुन्हा जाऊ लागले. तरस परत कोणालाच दिसलं नाही, तेव्हा ते खरंच होतं की नव्हतं, देव जाणे. बाबांना जाऊन आता तीन वर्षं झाली. मुलगी ती गोष्ट मैत्रिणींना हिंदीत सांगते आणि मला मराठीत. तळ्यावर धुकं होतं, तरसाच्या एका कानाचा तुकडा पडलेला होता, ते निघून गेल्यावर बाबा कितीतरी वेळ तिथून हलले नाहीत, हे सगळं मला तिच्याकडून कळलं. बाबांनी मला ते कधीच सांगितलं नाही. मी विचारलंच नव्हतं.