पुश करण्याआधीचा फोन

माझ्या चुलतसासऱ्यांइतका भित्रा माणूस सातारा-सांगलीच्या पट्ट्यात दुसरा झाला नसेल. आणि हा गृहस्थ फौजेतून रिटायर झालेला, बरं का! सीमेवर वायरलेस सांभाळलेला हा हात लॅपटॉपच्या एंटरवर येऊन अडायचा. कारणही तसंच होतं. त्यांची आई जन्मभर माणदेशात मेंढरांमागं हिंडलेली, आणि आता साताऱ्यात लेकाच्या घरी बसून एकेक शब्द विसरत चाललेली. मेंढरांच्या रंगांची नावं, दुखण्यांची नावं, त्यांना घालायच्या हाका, सगळं ते तिच्या तोंडून लॅपटॉपात उतरवून घेत होते. लिहिलेलं हरवलं तर पुन्हा विचारायचं कुणाला, ही त्यांची धास्ती. म्हणून सांगलीत सॉफ्टवेअरची नोकरी करणाऱ्या या जावयानं मोठ्या शहाणपणानं त्यांना गिट शिकवलं. कमिट केलं की नोंद पक्की होते, पुश केलं की ती इंटरनेटवरच्या आपल्या सामाईक साठ्यात जाते, पुल केलं की तिथलं आपल्याकडं येतं. एवढंच.

पण भित्र्या माणसाला एवढंही पुष्कळ होतं. ते शब्दागणिक कमिट करायचे आणि सोबत शेरा लिहायचे, "सकाळी सव्वानऊ. वाघर, म्हंजे मेंढरं कोंडायची जाळी. परिस्थिती काबूत." पुश करण्याआधी मला फोन ठरलेला. मी मीटिंगमध्ये असो, नाहीतर सलूनमध्ये गालाला फेस लावून बसलेला असो. "जावई, पुश करू का? तुमी त्याच टायमाला काय पाठवत न्हाई न्हवं? ओव्हर." मी 'करा' म्हटल्याशिवाय बोट हलायचं नाही. साठ्यातलं पुसून आपलंच बसवायचं असेल तर फोर्स लावून पुश करता येतं, असं मी एकदा सहज बोलून गेलो, तर त्यांनी तो शब्द वहीत लाल शाईनं लिहिला आणि भोवती चौकट काढली.

चौकट खरं तर मी काढायला हवी होती. एका दुपारी मी आमच्या फायलींची नावं नीटनेटकी करून पुश केलं, तर गिट अडून बसलं. साठ्यात नवीन काही आलंय, आधी पुल करा म्हणे. मी महिनाभर पुल केलंच नव्हतं. पोटात भूक, डोक्यात घाई. फोर्स लावला आणि जेवायला गेलो. हात धुतोय तोच फोन. "जावई, लॅपटॉप बिगडला हुता, दुरुस्तीवाल्यानं सगळा पुसून दिला. पर भ्यालो न्हाई बगा. म्हटलं, वर साठ्यात सगळं हाय."

महिन्याभराचे शब्द मीच पुसले होते. कसंबसं कबूल केलं. ते म्हणाले, "आई आता मलाच म्हनती, कोन रं तू? तुमी या हिकडं."

साताऱ्याच्या एसटीत मी खिडकीचा गज घट्ट धरून बसलो होतो. घरात शिरलो तर चुलतसासरे आईच्या औषधांचा डबा मांडीवर घेऊन बसलेले. डब्यात गोळ्यांखाली एक पेन ड्राइव्ह. "फौजेत एका वायरवर भरवसा ठेवत न्हाईत, जावई. तुमाला पाठवलं की रोज हितंबी पाठवत हुतो. तुमास्नी वाईट वाटंल म्हणून बोललो न्हाई. पर ह्येच्यात काय निघालंच न्हाई तर? एकट्याला लावायचा धीर हुईना." दोघांनी मिळून लावला. सगळे शब्द निघाले. मला तर रडूच आलं.

त्यांनी आईजवळ बसून एकेक शब्द मोठ्यानं वाचला. म्हातारी कान देऊन ऐकत होती. "कुनाची रं ही बोली? लय ग्वाड हाय."

"तुजीच की गं, आये."

ती हसली. ते उठले, फाइलीत तिच्या या बोलण्याची एक ओळ वाढवली, कमिट केलं. शेरा लिहिला, "आईला ऐकवलं. हसली." मग मी शेजारीच उभा असूनही माझ्याकडं वळून विचारलं, "जावई, पुश करू का?"

'करा' म्हणण्याआधी ही ओळ पेन ड्राइव्हवर उतरली का, ते बघायला मी वाकलो. ते बटणावर बोट ठेवून तसेच थांबून राहिले.