गाडीने जर्मनी

अमेरिकेत, वॉशिंग्टन राज्यातल्या रेडमंडमधल्या कुठल्याही मराठी घरात जा आणि आधी फ्रिज बघा. शाळेच्या कॅलेंडरशेजारी लाकडी बाल्कनीचं, लाल फुलांच्या कुंड्यांचं एक इवलंसं जर्मन घर चिकटलेलं असणारच. मॅग्नेट! आमच्या फ्रिजवर तर अशी इतकी घरं झालीत की आता सोसायटी रजिस्टर करायला हरकत नाही. दर उन्हाळ्यात कुणाचे ना कुणाचे आईवडील भारतातून येतात आणि आलेल्या माणसाला लेव्हनवर्थला न्यायचं, हा आमच्या ग्रुपचा नियम आहे. कुणी केला, का केला, मला विचारू नका. मिनीव्हॅन आमची, त्यामुळे प्रत्येक खेपेला मला मात्र जावं लागतं. आणि प्रत्येक खेपेला मॅग्नेटबरोबर एक किस्सा घरी येतो.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी सांगते. रेडमंडहून दोन-अडीच तास ड्राइव्ह करायचं, घाट चढून उतरायचा, की अचानक जर्मनी लागतं. मागे बर्फाचे डोंगर, उतरती छपरं, भिंतींवर रंगवलेल्या गोऱ्या गवळणी आणि चामड्याच्या हाफपँटी घातलेले बाप्ये. जर्मन मात्र कुणी नाही! पूर्वी हे लाकूडतोड्यांचं गाव होतं. तो धंदा बसला, गाव ओस पडायला लागलं, तेव्हा गावकऱ्यांनी ठरवलं की आपण जर्मनीतल्या बव्हेरियासारखं दिसायचं. दिसायला लागले. झालं! एवढं साधं आहे, पण आपल्या माणसांना हे समजावताना माझा घसा बसतो.

*

मंदार हा निखिलचा, म्हणजे माझ्या नवऱ्याचा, ऑफिसातला मित्र. नागपूरचा. त्याची आई शोभाकाकू पहिल्यांदा आली तेव्हा गाडीतून उतरून तिने चौकाकडे नीट पाहिलं आणि विचारलं, "हे जर्मन लोक इथे केव्हा आले?"

"नाही आले, आई. अमेरिकन लोकांनीच बांधलंय."

"काऊन?"

"टूरिस्ट यावेत म्हणून."

"अन् येतात?"

"आता आपण आलोच ना!"

काकूने गर्दीवरून एक नजर फिरवली आणि माझ्याकडे बोट दाखवलं. "आपल्याला वैशालीनं आणलं बाप्पा. यांना कोणी आणलं?"

 

*

त्या दिवशी काकूने एका घड्याळाच्या मनोऱ्यासमोर उभं राहून फोटो काढला आणि नागपूरच्या भजनी मंडळाच्या ग्रुपवर टाकला. खाली लिहिलं, "जर्मन गाव". बस! रात्रीपर्यंत मंडळात खळबळ. शोभाताई परस्पर युरोपला जाऊन आल्या आणि कुणाला पत्ता नाही!

काकूने समजावून सांगितलं, की अहो, हे अमेरिकेतच आहे, नुसतं दिसतं तसं. कुणाचा विश्वास बसेना. "अमेरिकेत कशाला कोणी जर्मनी बांधेल?" असं तबलेवाल्या बाईंनी विचारलं. एकीने तर लिहिलं, "चॉकलेटं आणावी लागतील म्हणून लपवताय!"

हे दोन दिवस चाललं. तिसऱ्या दिवशी आमच्या किचनमध्ये पोळ्या लाटता लाटता काकूने फोन उचलला आणि व्हॉइस मेसेज ठोकला, "हो, गेली होती जर्मनीला! सकाळी गेली, संध्याकाळी आली. खूप दूर नाही इथून."

मंडळ शांत झालं. एकीनेही शंका काढली नाही.

*

पुढच्या वर्षी काकू परत आली तेव्हाची गोष्ट. चौकातल्या मंडपात एकजण अकॉर्डियन वाजवत होता. हिरवी टोपी, टोपीत पीस, गुडघ्यापर्यंत मोजे, सगळा सरंजाम. आम्ही पहिल्या रांगेत बसून, मान डोलवत, व्हिडिओ काढत होतो. गाणं संपलं, टाळ्या पडल्या, आणि तो जर्मन थेट माझ्याकडे बघून म्हणाला, "मावशी, पुरी आहे का?"

मी उडालेच! रेडमंडशेजारच्या बॉथेलमधल्या आमच्या मित्रांचा मुलगा, अनिश! इथेच जन्मलेला, शाळेत म्युझिक टीचर. लहानपणी आजीच्या पेटीवर बसला आणि तिथून घसरत घसरत अकॉर्डियनवर गेला. मला वाटायचं शनिवार-रविवार हा पोरगा हायकिंगला जातो.

शोभाकाकूने त्याला तिखटमिठाच्या पुऱ्या दिल्या, लोणचं दिलं, आणि मोज्यांपासून पिसापर्यंत बघून विचारलं, "तू जर्मन केव्हा झाला रे?"

अनिश तोंडात पुरी असताना म्हणाला, "ओन्ली वीकेंड्स, काकू."

*

आता नानांचं सांगते. नाना माझे सासरे. पिंपरीच्या एका कारखान्यात त्यांची हयात गेली. मशिनं जर्मन, ती बसवायला येणारे इंजिनिअर जर्मन. त्यांच्याशी बोलता यावं म्हणून नानांनी संध्याकाळचा क्लास लावून भाषा शिकून घेतली. मग ट्रेनिंगसाठी जर्मनीला पाठवायच्या माणसांत त्यांचं नाव आलं, पासपोर्ट झाला, स्वेटर विणून झाला, आणि जायच्याच आठवड्यात निखिल जन्मला. अपुऱ्या दिवसांचा, मुठीएवढा. नाना थांबले. त्यांच्या जागी दुसरा गेला आणि परत संधी आली नाही.

नानांनी हे कधी बोलून दाखवलं नाही. ते काम बाकीच्या घराने केलं! निखिल पोटात दुखतंय म्हणाला तरी आत्या सांगायची, "तुझ्यापायी माझ्या भावाचं जर्मनी राहिलं."

गेल्या उन्हाळ्यात नाना आमच्याकडे होते. डोकं कधी लख्ख, कधी गोंधळलेलं. सकाळी क्रिकेटवर तासभर बोलतील आणि दुपारी मला विचारतील, "कारखान्याची बस गेली का?" परत जाताना वाटेत चार दिवस जर्मनी दाखवायचं, असा निखिलचा प्लॅन होता. हार्टच्या डॉक्टरांनी तो कॅन्सल केला. म्हणाले, सरळ घरी जायचं, मध्ये उतरणं नाही, आणि यानंतर विमान नाही. म्हणजे संपलंच. निखिल दोन दिवस धड जेवला नाही. आणि नाना रोज चहाच्या वेळी विचारायचे, "मग? जर्मनीला कधी निघायचं?"

शेवटी मंदारच्या डोक्यातून आयडिया निघाली. दुसऱ्या कुणाच्या निघणार! "अरे यार, नाना गाडीत झोपतातच. उठले की जर्मनी. हाय काय अन् नाय काय!"

मी भांडले. तोंड सुटलंच माझं. म्हटलं, लाज नाही वाटत? शाळा बुडवायला पोटदुखीचं सोंग केलं म्हणून ज्या माणसाने स्वतःच्या पोराला दिवसभर पेजेवर ठेवलं, त्याला फसवणार? आणि तिथे भर चौकात त्यांच्या लक्षात आलं, की आपल्याला येडं समजून पोरांनी खेळवलं, तर? ते काही बोलणार नाहीत. पुण्याला जातील आणि तिथे आतल्या आत झुरत बसतील.

निखिल एवढंच म्हणाला, "वैशाली, माझ्याकडे दुसरं काही नाहीये गं त्यांना द्यायला."

 मी पुऱ्या तळायला घेतल्या.

शनिवारी सकाळी मंदार शोभाकाकूला घेऊन हजर झाला, आणि नानांनी बूट घालता घालता विचारलं, "कुठे निघालो?"

"जर्मनीला, नाना."

"गाडीने?"

निखिल गाडीची किल्ली शोधायला लागला. "हो... शॉर्टकट आहे."

नानांनी त्याच्याकडे पाहिलं. मग बूट काढले, आत गेले आणि शर्टाच्या खिशात पासपोर्ट घालून आले. "चला."

मला काही कळेना. यांना कळलंय की नाही कळलंय?

*

नाना घाटात झोपले आणि घाट उतरल्यावर जागे झाले. समोर उतरती छपरं, मागे डोंगर.  नाना काचेला हात लावून बसले. निखिलने मला आरशातून खूण केली, मी तोंड फिरवलं.

आणि मग सुरू झाली सर्कस. पोस्टावर भलामोठा अमेरिकन झेंडा! मंदार धावत जाऊन त्याच्या समोर हात पसरून उभा राहिला. झेंडा त्याच्या डोक्याच्या पार वर फडकतोय.

"मंदार, उन्हात का उभा आहेस?" नानांनी विचारलं.

पार्किंगमधून जाताना नाना म्हणाले, "सगळ्या गाड्यांच्या पाट्या वॉशिंग्टनच्या दिसतात."

"टूरिस्ट आहेत, नाना," मंदार म्हणाला. "आपल्यासारखेच."

"आणि पासपोर्टवर शिक्का कुठे मारतात?"

"आता नसतो मारत. सगळं ऑनलाइन झालं!"

नानांनी मान डोलवली आणि पासपोर्ट परत खिशात ठेवला.  हा माणूस आपली परीक्षा घेतोय की याला खरंच पटतंय? शोभाकाकूला विचारलं तर ती म्हणाली, "मले तर आता मीच कुठे आहे ते समजून नाही राहिलं."

खरी पंचाईत पुढेच होती. नाना भेटेल त्या हाफपँटवाल्याला थांबवून "गुटन टाग" म्हणायचे आणि वर झकास जर्मन बोलायचे. इतक्या वर्षांनी! कारखान्यातल्यासारखे ताठ उभे राहून. आणि समोरचा म्हणायचा, "सॉरी?" दुकानात सॉरी, बेकरीत सॉरी. वेटर मूळचा मेक्सिकोचा, तोही सॉरी. मंडपात अनिश वाजवत होता, नानांना नेमकं तिकडेच जायचं होतं. अनिशने ओळख न देता वाकून नमस्कार केला, आणि नानांचं जर्मन ऐकून तोही सॉरीच म्हणाला. नानांचा चेहरा उतरत चालला.

"इथे कुणालाच जर्मन येत नाही?"

मंदार म्हणाला, "नवीन पिढी आहे, नाना. आईबाप घरी मातृभाषा शिकवतच नाहीत!"

"आपल्याकडे पण तेच," नाना म्हणाले आणि एका बाकावर जाऊन बसले.

त्यांचे खांदे असे पडले होते की मला रडूच आलं. मी निखिलला कोपऱ्यात घेतलं. "पुरे झालं. खरं सांगून टाक आणि घरी चल."  त्याचेही डोळे भरलेले.

आम्ही वळून बघतो तर नाना बोलत होते.

बाकाच्या दुसऱ्या टोकाला एक आजीबाई होत्या. पांढरे केस, निळा स्वेटर, मांडीवर पर्स घट्ट धरलेली. आणि त्या नानांना उत्तर देत होत्या! घडाघडा जर्मनमध्ये! नाना हातवारे करून काहीतरी सांगत होते, बहुतेक मशिन, कारण हात गोल गोल फिरत होते. त्या हसल्या. मग त्यांनी काहीतरी विचारलं, हळू आवाजात, इकडेतिकडे बघत. नानांनी खिशातून पासपोर्ट काढला आणि त्यांना दाखवला. त्यांनी तो उघडून पाहिला, परत दिला, आणि डोळे पुसले. पर्स बाजूला ठेवली.

त्यांचा मुलगा आमच्या शेजारी येऊन उभा राहिला. आडदांड गोरा माणूस, दोन्ही हातांत आइस्क्रीमचे कोन, दोन्ही वितळताहेत. तो म्हणाला, "मॉमला इतकं बोलताना मी कित्येक महिन्यांत ऐकलं नाही." मग निखिलला विचारलं, "तुझे वडील जर्मनीत होते का?"

निखिल म्हणाला, "नव्हते." नंतर म्हणाला, "आज आहेत." तो माणूस दचकून त्याच्याकडे बघायला लागला, आणि आइस्क्रीम मनगटावरून ओघळत राहिलं.

निघताना आजीबाईंनी नानांचा हात दोन्ही हातांत धरून ठेवला होता, सोडेचनात.

परतीच्या वाटेवर घाट लागला. शेवटी माझ्याच्याने राहवेना. "नाना, काय विचारत होत्या हो त्या बाई?"

"ती होय? जर्मनीचीच आहे. लग्न होऊन इकडे आली, मग जाणं झालं नाही." नाना खिडकीबाहेर बघत होते. "ती विचारत होती, हे खरंच जर्मनी आहे का? मुलगा तसं म्हणाला तिला. पण तिला आपली शंका येत होती."

निखिलने स्टिअरिंग घट्ट धरलं. "मग तुम्ही काय म्हणालात?"

नानांनी शर्टाच्या खिशावर हात ठेवला.

"म्हटलं, बाई, मी पुण्याहून पासपोर्ट घेऊन आलोय. उगाच आलो असेन का?"