एका पासावर दोघे भाऊ

आत्याकडे तिच्या वडिलांचा फोटो नाही. तो बहुधा कधी काढलाच गेला नाही. ती आईच्या पोटात असताना ते पलटणीत भरती झाले आणि दुसऱ्या महायुद्धात इटलीत मारले गेले. बापलेकीने एकमेकांना पाहिलं नाही. ही माझी सख्खी आत्या नव्हे. माझ्या आजोबांच्या धाकट्या भावाची ती मुलगी, पण तिला वाढवलं माझ्या आजोबांनी, लालबागच्या त्याच खोलीत जिथे ती आज ऐंशी उलटल्यावर एकटी राहते.

चाळीला पुनर्विकासाची नोटीस लागली त्याच महिन्यात डोळ्यांच्या डॉक्टरांनी तिला सांगितलं की पडदा खराब झालाय, आहे ती नजर आणखी वर्षभर पुरली तरी खूप. मी तिला घेऊन दवाखान्यातून परतलो. चहा पिताना ती म्हणाली, "माज्या बापाशीचां नाव खंय तरी लिवलेलां असतलां मां रे? तू कागदातलो माणूस. बघ जरा."

एवढंच तिला हवं होतं. बापाचं नाव कुठेतरी लिहिलेलं आहे आणि ते आपण पाहिलं.

कागदातला माणूस तर मी होतोच. एका विमा कंपनीच्या दावे विभागात माझी उभी नोकरी गेली. मयताचं नाव पॉलिसीवर एक आणि दाखल्यावर दुसरं असलं की ‘नावात तफावत’ असा शेरा मारून मी फाइल परत पाठवायचो. माझ्या नजरेतून काही सुटत नाही अशी ऑफिसात ख्याती होती, आणि मला तिचा माज होता. आत्याचं काम महिन्याभरात उरकून टाकू, असं मला वाटलं यात नवल नाही.

युद्धात मेलेल्यांच्या नोंदी ठेवणाऱ्या एका परदेशी संस्थेची यादी संगणकावर बघता येते. तिच्यात आत्याच्या वडिलांचं नाव नव्हतं. पलटणीच्या कार्यालयाला पत्र टाकलं, चार महिन्यांनी उत्तर आलं की या नावाचा, या गावचा जवान आमच्या दप्तरी आढळत नाही. गावच्या ग्रामपंचायतीत गेलो तर जन्माच्या जुन्या वह्या वाळवीने खाल्लेल्या. शाळेचं तर विचारायलाच नको, ते शाळेत गेलेच नव्हते. दर शनिवारी मी लालबागला जायचो आणि आत्या दार उघडताच विचारायची, "गावलां?" मी नकारार्थी मान हलवायचो. मग तीच माझी समजूत काढायची. "ऱ्हवांदे. जेवान जा."

मला तिचा नाही, त्या इंग्रजांचा राग यायचा. माणूस नेला तर नेला, निदान नाव तरी नीट लिहून ठेवायचं.

एका दुपारी चिडूनच मी उलटा शोध घेतला. जवानाचं नाव टाकलंच नाही, फक्त त्याच्या वडिलांचं नाव आणि गाव टाकलं. एकच नोंद आली. पलटण तीच, देश तोच. ज्यांना दफन न करता अग्नी दिला त्यांच्या नावांची तिथे एक भिंत आहे, त्या भिंतीवर हे नाव होतं. आणि ते नाव माझ्या आजोबांचं होतं.

मी मोठ्याने हसलो. माझे आजोबा परळच्या हॉस्पिटलात, भरल्या वयात, माझ्या डोळ्यांदेखत गेले होते. त्यांच्या मृत्यूचा दाखला मीच रांगेत उभा राहून आणला होता. कुणा गाढव कारकुनाने मेलेल्या भावाच्या जागी जिवंत भावाचं नाव चढवलं होतं आणि ऐंशी वर्षांत ते कुणाच्या लक्षात आलं नव्हतं. हे दुरुस्त करणं म्हणजे माझ्या डाव्या हातचा मळ. अर्जाला जोडायचे कागद काढायला मी आजोबांची ट्रंक उघडली.

ट्रंकेत ते पत्र होतं. मी ते लहानपणापासून ऐकलं होतं, पण हातात कधी घेतलं नव्हतं. शस्त्राने मेलेल्या माणसाचं श्राद्ध पितृपक्षातल्या चतुर्दशीला करतात. त्या दिवशी आजोबा गच्चीवर कावळ्यासाठी पान ठेवायचे, आणि कावळा शिवेपर्यंत जिन्याच्या वरच्या पायरीवर बसून आत्याला तिच्या वडिलांचं एकुलतं एक पत्र वाचून दाखवायचे. आत्या तेव्हा चांगली संसारी बाई होती, स्वतः वाचू शकत होती, पण पत्र आजोबा कुणाच्या हातात देत नसत. मीही मांडी घालून बाजूला बसायचो.

पत्र पेन्सिलीने लिहिलेलं आहे, कुणा शिकलेल्या सोबत्याकडून लिहून घेतलेलं. मुलगी झाल्याचं समजलं. तिचं नाव काय ठेवलं ते उलट टपाली कळवा. इथे थंडी भयंकर. आईचे गुडघे कसे आहेत. हे सगळं मला पाठ होतं. मात्र गुडघ्यांच्या आधी चार-पाच ओळी होत्या, त्या मी जन्मात ऐकल्या नव्हत्या.

"हजेरीला तुमचं नाव घेतात. सुरुवातीला ओ देत नसे, त्यापायी शिक्षा झाली. आता सवय झाली. दादा, रागावू नका. खिशात पास तुमचा होता म्हणून तेच नाव सांगितलं. परत आलो की तुमचं नाव तुम्हाला परत."

मी त्या ओळी ट्रंकेजवळच पुन्हा वाचल्या.

पासाची गोष्ट गिरणगावात कुणालाही समजावून सांगावी लागत नाही. मोठा भाऊ मिलमध्ये कायम कामगार असायचा. भातलावणीला तो गावी गेला की धाकटा त्याचाच मिलचा पास घेऊन त्याच्या साच्यावर, म्हणजे मागावर, उभा राहायचा. हजेरी मोठ्याच्या नावाने लागायची. कामगारांवर देखरेख करणाऱ्या जॉबरला सगळं ठाऊक असायचं, साचा चालू राहिल्याशी त्याला मतलब. एका पासावर दोन भाऊ, कधी चुलत-मावसही, वर्षानुवर्षं राबले. यात कुणाला खोटेपणा वाटत नसे, घरातलीच वस्तू दोघांनी वापरायची तसं ते होतं. आत्याचे वडील असेच आजोबांच्या पासावर काम करत असताना भरतीला गेले. नाव विचारलं तेव्हा त्यांनी मुंबईत जे नाव रोज सांगत होते ते सांगितलं. वारस म्हणून आईचं नाव दिलं, आणि आई तर दोघांची एकच.

गावाकडे भावकीतले एक म्हातारे आहेत, नव्वदीच्या पुढचे. मी त्यांना फोन केला. ते म्हणाले, "आता काय, सगळी गेली. तुका सांगूक हरकत नाय."

तार गावी आली ती गणपतीच्या तोंडावर. पोस्टमनने अंगणात उभं राहून वाचली. लढाईत मेला म्हणून तारेत नाव थोरल्या मुलाचं होतं. पणजीला वाटलं मुंबईत मिलमध्ये असलेला आपला थोरलाही कुणाला न सांगता लढाईवर गेला. माझ्या आजीने अंगणातच बांगड्या फोडल्या. तिची धाकटी जाऊ, म्हणजे आत्याची आई, तान्ही पोर बाजूला ठेवून तिला सावरत होती. तिसऱ्या दिवशी संध्याकाळी माझे आजोबा गणपतीसाठी म्हणून मुंबईहून येऊन दारात उभे राहिले. भावाचं पत्र त्यांना आठवड्यापूर्वीच मिळालं होतं. त्याला उलट टपाली कळवायचं तर पोरीचं बारशाचं नाव हवं, ते विचारून घेऊ म्हणून उत्तराचा कागद अर्धा लिहून त्यांनी खिशात आणला होता. त्यांना बघून आजीचं रडं थांबलं. मग ते का जिवंत आहेत हे हळूहळू सगळ्यांना कळलं, आणि तिच्या जावेचं सुरू झालं.

"तो कागद मगे कधी टाकलोच नाय त्येना," म्हातारे म्हणाले. "कोणाक टाकतलो?"

खोटं नाव उघडकीला आलं तर उरलेल्या भावाला तुरुंग, अशी तेव्हा समजूत. पणजीने घरादाराला शपथ घातली की हे पोरीच्या कानावर जाता कामा नये. ती शपथ सगळ्यांनी पाळली.

मला आजोबांचा राग आला. माझ्या लाडक्या आजोबांचा. पन्नास वर्षं मिळाली त्यांना, एकदा तिला सांगता आलं नाही? आणि लगेच वरळीची एक बाई आठवली. तिचा नवरा जन्मभर चुलतभावाच्या पासावर मिलमध्ये राबला होता आणि पॉलिसीही त्याच नावाची होती. दाखल्यावर खरं नाव. तिची फाइल मी तीनदा परत पाठवली. तिसऱ्या वेळी ती म्हणाली, "साहेब, मेला तो माझाच नवरा होता हो." मी तिला नियम दाखवला. ती परत आली नाही. इतक्या वर्षांत मला तिची आठवणसुद्धा झाली नव्हती.

तरी मी त्या परदेशी संस्थेकडे अर्ज केला. दुसरं काही येतच नाही मला. पत्राची प्रत, आजोबांचा मृत्यूचा दाखला, मिलमधून निवृत्त झाल्याचा कागद, म्हाताऱ्यांचं प्रतिज्ञापत्र, सगळं अनुक्रमांक घालून पाठवलं. भिंतीवरच्या नावाचा माणूस लढाईनंतर कित्येक वर्षं जगला, मेला तो त्याचा भाऊ, नाव बदलावं. इतका पक्का अर्ज मी आयुष्यात पाहिला नव्हता.

उत्तर सभ्य होतं. मृत जवानाचं खरं नाव लावायचं असेल तर त्या काळातला, त्याच्या स्वतःच्या नावाचा सरकारी पुरावा लागेल. खाजगी पत्रावर सही नाही, त्यामुळे ते पुरेसं नाही. मात्र भिंतीवर ज्याचं नाव आहे तो माणूस युद्धात मेला नाही हे आपल्या कागदांवरून दिसतं. ते ग्राह्य धरल्यास सदर नाव वगळण्याचा विचार करावा लागेल. पुढे कार्यवाही करावी का, ते कळवावं.

मी ते चार वेळा वाचलं. त्यात एक चूक सापडत नव्हती. त्या खुर्चीत मी असतो तर शब्दन् शब्द हेच लिहिलं असतं. माझ्याकडचा एकेक कागद आजोबा जिवंत होते हे सिद्ध करत होता. त्यांचा भाऊ जन्माला आला होता, हे सिद्ध करणारा कागद मात्र जगात कुठेही नव्हता. ज्या मिलच्या हजेरीपुस्तकात तो भावाच्या नावाने रोज हजर होता, तिच्या जागी आता काचेचे मनोरे आहेत. त्याने मागे ठेवलेली एकच गोष्ट होती, ती लालबागच्या खोलीत बसून शनिवारची वाट बघत होती.

नाव बदलणं माझ्या हातात नव्हतं. पुसणं तेवढं होतं. ‘अर्ज मागे घेत आहे’ असं लिहून मी सही केली.

संस्थेने उत्तरासोबत पाठवलेला भिंतीचा फोटो मी हिंदमाताजवळ एका दुकानात मोठा करून घेतला. संगणकावर नाव बदलून मिळेल का, असंही विचारणार होतो. पैसे देऊन निघालो.

शनिवारी आत्याने दार उघडलं आणि विचारलं, "गावलां?"

"गावलं," मी म्हणालो.

ती खिडकीशी बसली. फोटो तिने डोळ्यांना टेकेल इतका जवळ धरला, मग लांब धरला. तिला नुसतं पांढरं दिसत होतं, आणि अक्षरं तर इंग्रजी. मी तिचं बोट धरून बरोबर ओळीवर ठेवलं.

"वाच," ती म्हणाली.

मी क्रमांक वाचला. हुद्दा वाचला. पलटण वाचली. मग क्षणभर थांबलो आणि तिच्या वडिलांचं नाव घेतलं. पुढे पणजोबांचं नाव आणि गावाचं नाव होतं, ती दोन्ही खरी होती, ती मी मोठ्याने वाचली.

तिचं बोट आजोबांच्या नावावर तसंच होतं. "परत वाच."

मी परत वाचलं.

"तुजो आजो कागद वाचताना असोच थांबायचो," ती म्हणाली. "आयच्या गुडघ्यांच्या आधी. दर वर्सा थंयच."

फोटो पदराने पुसून तिने मांडीवर ठेवला. खाली रस्त्यावर गाड्यांचे हॉर्न वाजत होते. मला वाटलं आता ती जेवायला थांब म्हणेल.

"बापाशीन माजां नाव विचारल्यान होतां मां," ती म्हणाली. "तां त्येका कळवलेलां काय रे कोणी?"

"कळवलं होतं," मी म्हणालो. या वेळी मी थांबलो नाही.