तोरणाखालची जोडी

यंदा पोळ्याला गावानं मला दोन शब्द बोलायला बोलावलं. रिटायर मास्तराला माइक दिसला की तो सोडत नाही. मी चार पानं लिहिली आणि आधी वर्गमित्राला ऐकवायला त्याच्या घरी गेलो. तो आता हिंगोलीत राहतो. गावी, साखऱ्याला, आमची शेतं बांधाला बांध लागून.

वाचताना मीच भारावलो. रंगवलेली शिंगं, वडिलांचा धुवट फेटा, वेशीत मानानं तोरणाखालून निघालेली आमची जोडी. ‘तेव्हा सगळा गाव एक होता,’ हे शेवटचं वाक्य. ते मला फार आवडलं होतं.

त्यानं कप खाली ठेवला. “तुमची जोडी कवा व्हती रे?”

खरंच नव्हती. तांबडा आमचा, ढवळा त्याच्या बापाचा. एकेकच बैल, म्हणून दोन्ही घरांची सावड होती. वर्षभर दोघं एकाच जुवाखाली दोन्ही शेतांत औत ओढायचे. पोळ्याच्या आदल्या संध्याकाळी खांदेमळणीला मीच दोघांच्या खांद्यांना हळद-तूप चोळायचो. सकाळी मात्र ढवळा बौद्धवाड्यात परत जायचा आणि वडील चुलत्याचा बैल मागून आणायचे. तोरणाखाली तांबड्याशेजारी तो चालायचा. बौद्धवाड्यातल्या बैलांना तिथून वाट नव्हती.

“बा तरीबी त्याची शिंगं रंगवायचा,” तो म्हणाला. “दारातल्या लिंबाभवती फिरवून आणायचा. याला वेशीत काहून नेत न्हाई, मी इचारायचो. बा म्हणायचा, सणाच्या दिशी तकलीफ नको.”

हे मी दरसाल पाहिलं होतं. कोणी लपवलं नव्हतं. मीच सोयीनं विसरलो होतो. फार लाज वाटली. तिथंच बसून ते शेवटचं वाक्य खोडलं आणि ढवळ्याबद्दल एक पान लिहून वाचून दाखवलं. मी निघताना तो फाटकापर्यंत आला.

पोळ्याला समोर सगळी भावकी बसलेली, पहिल्या खुर्चीत चुलत्याचा मुलगा. सणाच्या दिवशी कशाला, असं मलाही वाटलं. मी ते पान घडी करून खिशात घातलं आणि खोडलेलं वाक्य तोंडपाठ म्हणून टाकलं. टाळ्या भरपूर पडल्या.

दुसऱ्या दिवशी त्याचा फोन आला. “मग, गेला का आमचा ढवळा तोरणाखालून?”

“आवाज येऊन न्हाई राहिला,” मी म्हणालो आणि फोन ठेवला.

आवाज स्वच्छ येत होता.