दमयंतीबाईंच्या नळ्या

गव्हाण फाटा मागे पडून तास होत आला तरी दमयंतीबाईंची चाल काही मंदावली नव्हती. शशिकलाच्या चपलेत सारखा मुरूम जात होता. दोनदा थांबून तिने तो झटकला, तिसऱ्यांदा तसाच राहू दिला. कुरकुरायला तोंड कुठे होतं तिला?

"दमलीस?"

"नाही हो, बाई."

"दमली असशील तर सांग. तुमी पनवेलची मानसं देवलातपन रिक्षानं जाता."

दमयंतीबाई खारघरच्या एका कॉलेजात प्रयोगशाळा सहायक आणि शशिकला तिथलीच शिपाई. अकरा वर्षांपूर्वी बाईंनी माहेरच्या मासळी वाळवायच्या खळ्यातून मूठभर माती आणली होती. त्या मातीतल्या जिवाणूंपासून सुटणारं एन्झाइम कापडावरचा रक्ताचा डागसुद्धा काढायचं, पण सुटायचं फार थोडं. मग बाईंनी दुधाच्या बशा मांडल्या. दुधाच्या पांढऱ्या थरावर जिवाणूंचा ठिपका वाढला की भोवतालचं दूध पचून स्वच्छ कडं पडतं. ज्याचं कडं मोठं तो ठिपका उचलायचा, नव्या नळीत लावायचा, की पुन्हा बशी, पुन्हा निवड. महागडं खाद्य बंद करून त्यांनी सुक्या जवळ्याची पूड घातली. "खल्यावरची पोरं ती, त्यांना जवलाच लागनार," म्हणाल्या. प्रयोगशाळेचे प्रमुख सर हसले. एन्झाइम तिप्पट झालं तेव्हा मात्र वही घेऊन बाईंशेजारी बसले.

मग यंदाची खंडेनवमी आली. पूजेआधी उपकरणं घासायची, जुनंपानं वाफेत घालून टाकून द्यायचं, हा शशिकलाचा दरवर्षीचा नेम. टेबलावर जवळ्याचा वास मारणाऱ्या नळ्यांचे दोन स्टँड दिसले. नव्या नळ्या भरायच्या म्हणून बाईंनी फ्रिजमधला राखीव स्टँडही नेमका त्याच दिवशी बाहेर काढला होता. शशिकलाला वाटलं, टाकायच्याच आहेत. दोन्ही स्टँड ऑटोक्लेव्हमध्ये, त्या वाफेच्या मोठ्या कुकरमध्ये गेले. तिने त्याला हळदकुंकू वाहिलं, झेंडूचा हार घातला, मनोभावे हात जोडले. आत बाईंची अकरा वर्षं शिजत होती.

सरांनी विचारलं तेव्हा बाई म्हणाल्या, "माझ्याच हातून झालं." शशिकला शेजारी उभी होती. गप्प राहिली. तेव्हापासून रोज देवापुढे दिवा लावताना तिला तेच आठवायचं.

"मी सांगायला हवं होतं सरांना," ती आता चालता चालता म्हणाली.

"तू कंत्राटावर. तुला काढली असती. मला काय, मे महिन्यात रिटायर व्हायचंच हाय."

नव्याने माती न्यायला दोघी बाईंच्या माहेरी पोचल्या, तर खळं उरलंच नव्हतं. भराव पडला होता, वरून रस्ता गेला होता. जुन्या विहिरीचा कठडा तेवढा बाईंनी ओळखला. त्याच्या आडोशाला हातभर काळी जमीन शिल्लक होती. बाई तिथे बसल्या आणि चमच्याने माती पिशवीत भरू लागल्या.

"तेच मिळतील ना, बाई?"

"ते गेले गं. हे झाले तर त्यांचे पनजोबा. पयल्यापासून निवडायचं. मेपर्यंत माझ्याच्यानं चार-पाच बशा होतील, बास."

शशिकलाने पदर डोळ्यांना लावला. बाईंनी तिकडे पाहिलं नाही. पिशवीला गाठ मारली आणि ती तिच्या हातात दिली.

"मोठं कडं कसं बगायचं ते उद्यापासून शिकवते. मी गेल्यावर दर मयन्याला यांना नव्या नलीत लावशील? आनि खंडेनवमीला स्टँडला हात लावायच्या आदी मला एक फोन कर."