टाकीतली हाक

द्राक्षमळ्यांची गावं बघायला मी एकटीच गेले होते. तीन दिवसांसाठी गाडीसकट जो माणूस मिळाला, त्याला सगळा मुलूख बारकूकाका म्हणायचा. वय साठीच्या पुढे, आणि उंची अशी की दारातून जाताना मान तिरकी करावी लागे. मला हसू आलेलं त्यांनी आरशात पाहिलं.

"थोरल्या भावापुढे बारका होतो, ताई. भाऊ गेला, नाव तेवढं राहिलं," ते म्हणाले आणि लगेच डावीकडचा मळा दाखवू लागले.

माहिती मात्र तोंडपाठ. खोडाची जाडी पाहून वेलीचं वय सांगायचे. उतारावरची द्राक्षं आधी का पिकतात, कुठल्या गावची वाइन जिभेला का चावते, सगळं. अरुंद गल्ल्या, फरसबंदी चौक, खिडक्यांत वाळत घातलेले छाटणीचे हातमोजे. तोडणीचे दिवस असल्याने रस्त्यावर ट्रॉल्यांतून गळलेल्या रसाचे चिकट पट्टे आणि त्यांवर माशा. प्रत्येक वाइनरीच्या फाटकाशी ते गाडी थांबवत. "तुम्ही जाऊन या. मी गाडी सावलीला लावतो."

पहिल्या दिवशी मला ती रीत वाटली. दुसऱ्या दिवशी ऊन नव्हतंच, बारीक पाऊस होता, तरी ते सावलीच शोधत होते. एका लहान वाइनरीच्या मालकिणीने त्यांना आग्रहाने आत बोलावलं. दोन पावलं आले. आतल्या टाक्यांत रस आंबत होता, बुडबुड्यांचा एकसारखा खदखद आवाज येत होता. काकांनी डाव्या कानावर तळहात दाबला आणि पाठ फिरवून पावसात जाऊन उभे राहिले.

परतताना मी विचारलं, "कान दुखतोय का?"

त्यांनी घाटातल्या एका वळणावर गाडी बाजूला घेतली, इंजिन बंद केलं आणि समोर बघत बोलायला लागले. मी परकी, दोन दिवसांत जाणारी, म्हणूनच बोलले असावेत.

दोघे भाऊ एकाच वाइनरीत कामाला होते. रस काढून घेतला की टाकीच्या तळाला सालींचा चोथा उरतो, तो फावड्याने उपसायला माणूस आत उतरतो. आंबताना निघालेला वायू तळाशी साचून राहतो आणि डोळ्यांना दिसत नाही. म्हणून आधी दोरीने मेणबत्ती सोडायची. विझली तर उतरायचं नाही. त्या दुपारी मेणबत्ती सोडलीच नाही. सकाळी एकदा सोडून झाली होती. "टाकी आहे की बाळंतीण, किती जपायचं?" असं म्हणून थोरला हसत शिडी उतरला होता.

"चार-पाच फावडी मारली असतील. मग गुडघ्यावर बसला. वर बघितलं आणि हात उचलला. 'बारक्या, ये रे,' म्हणाला. मी एक पाय शिडीवर ठेवला होता, ताई. तो मागे घेतला."

मग ते धावले, माणसं आणली, पंखा लावला. उशीर झाला होता. डॉक्टरांनी खांद्यावर हात ठेवून सांगितलं, की उतरला असतास तर दोन प्रेतं काढावी लागली असती.

"मग तुमचं काय चुकलं?" मी म्हणाले.

"घरी वहिनीने विचारलं, शेवटी काही बोलले का? मी म्हणालो, बोलला. 'बारक्या, येऊ नकोस' असं बोलला." त्यांनी स्टिअरिंगवरची धूळ अंगठ्याने पुसली. "एकतीस वर्षं झाली. रस आंबायला लागला की त्या आवाजातून तो मला बोलावतो. येऊ नकोस म्हणत नाही. ये म्हणतो."

तिसऱ्या दिवशीचं गाव डोंगरमाथ्यावर होतं आणि तिथली वाइनरी तीच, जिथे भाऊ गेला होता. वहिनी तिथेच राहायच्या. त्यांची मुलगी आता तिथली वाइन करणारी मुख्य बाई होती. मी म्हटलं, हे गाव सोडून देऊ. काकांनी ऐकलं नाही. गाडी फाटकाबाहेर न थांबता सरळ अंगणात गेली.

वहिनी सत्तरीच्या, ठेंगण्या, हाताला रसाचे जांभळे डाग. दिराला दारात बघून त्यांनी आधी खुर्ची पुसली. "तोडणीच्या दिवसांत कसे काय, भाऊजी? वाट चुकलात?" आम्हाला कॉफी दिली. स्वयंपाकघर लहान, ओट्यावर धुतलेल्या बाटल्या उपड्या मांडलेल्या. पुतणी लगबगीने आत आली, पाण्याचा तांब्या तोंडाला लावला आणि पाहुणी बघून उभ्याउभ्याच आपल्या वडिलांची गोष्ट सांगू लागली. ती बहुधा प्रत्येक पाहुण्याला सांगत असावी.

"बाबा स्वतः मरत होते, तरी काकांना म्हणाले, येऊ नकोस. म्हणून मी कुठल्याच टाकीत माणूस उतरवत नाही. माझ्याकडे कामाला येणाऱ्या सगळ्यांना पहिल्या दिवशी हेच सांगते. हो ना काका?"

"हो," काका म्हणाले.

ती गेली. कपात कॉफी तशीच होती. काकांनी कप बाजूला सरकवला. "वहिनी, तो तसं बोलला नव्हता."

"माहीत आहे," वहिनी म्हणाल्या.

काकांना वाटलं त्यांनी नीट ऐकलं नाही. त्यांनी सगळं पुन्हा सांगितलं, शिडीवरून मागे घेतलेल्या पायासकट.

"पहिल्या दिवसापासून माहीत आहे. यांना जन्मात कुणाला 'नको' म्हणता आलं नाही. पाहुणा दाराशी आला की ये, कुत्रं आलं तरी ये. मरताना कुठून शिकतील?" माझ्या चेहऱ्यावर नवल नाही हे पाहून त्या काकांना म्हणाल्या, "आणि परक्या बाईला आधी सांगितलंत. मला एकतीस वर्षं नाही."

काकांनी मान खाली घातली. "पोरीलाही सांगून टाकतो आज."

"तिला काही सांगायचं नाही." आवाज पहिल्यांदाच चढला. "तिने त्या एका वाक्यावर आयुष्य उभं केलंय. किती जणांचे जीव वाचले असतील त्यानं. ते वाक्य खोटं असलं तरी आता तुमचं राहिलेलं नाही. वागवा ते ओझं तसंच. मी वागवतेच आहे."

मग त्या उठल्या आणि "चला" म्हणून टाकीघराकडे निघाल्या. काका उंबऱ्यापाशी अडखळले. वहिनींनी लहान मुलाचं धरावं तसं त्यांचं मनगट धरलं. आत गार होतं, ओल्या सिमेंटचा आणि आंबट सालींचा वास होता. सगळीकडून खदखद. मला तरी तेवढंच ऐकू येत होतं.

"ऐकू येतंय?" वहिनींनी विचारलं.

काकांचा तळहात डाव्या कानावर गेला. "येतंय."

"काय म्हणतात?"

"तेच."

वहिनी टाकीला कान लावून उभ्या राहिल्या. कितीतरी वेळ. "दर वर्षी तोडणीच्या दिवसांत रोज येते मी इथे," त्या म्हणाल्या. "पोरगी म्हणते, आईला कामाची हौस. तुम्हाला नको असताना हाका मारतात, भाऊजी. मला एकतीस वर्षांत एकदाही नाही."

काका रडले. त्या रडल्या नाहीत. मी बाहेर येऊन अंगणात थांबले.

दुसऱ्या दिवशी काकांनी मला स्टेशनवर सोडलं. तोडणी संपेपर्यंत वहिनींच्या घरी राहणार असं म्हणाले. हिवाळ्यात मी फोन केला, तेव्हा तब्येत, पाऊस, वेलींची छाटणी असं सगळं बोलून झालं. मग मी विचारलं, अजून ऐकू येतं का?

"तुम्ही आला होतात त्या दिवशी शेवटचं," ते म्हणाले. "दुसऱ्या दिवसापासून बंदच. नुसते बुडबुडे."

"सुटलात की मग, काका."

"नाही ना." काका म्हणाले. "वहिनी रोज स्टूल घेऊन टाकीपाशी बसायची. विचारायची, आज काय म्हणाले? मग काय करणार, ताई? मी काहीतरी सांगत होतो."